एमीचे साडेएकोणीस दिवस

माहेर किती लांब आहे असं कुणी विचारलं, तर आपण किलोमीटर सांगत नाही. एस.टी.ने चार तास, नाहीतर रात्रीच्या गाडीने एक झोप, असं सांगतो. मध्ये घाट असेल, गाडी बदलायची असेल, कडेवर लहान मूल असेल, तर तेच चार तास सहा तासांसारखे वाटतात. अंतर कागदावर एक असतं आणि प्रवास करणाऱ्या बाईला ते वेगळंच असतं.

विमानाचंही तसंच असतं. मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीगोल घरात असेल तर एक गंमत करून बघा. एक दोरा घ्या, त्याचं एक टोक लंडनवर ठेवा आणि दुसरं ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला असलेल्या डार्विन शहरावर. दोरा ताणून धरला की तो जिथून जाईल तो दोन गावांमधला सगळ्यात जवळचा हवाई मार्ग. ते अंतर भरतं सुमारे १४ हजार किलोमीटर. २०२१-२२ मध्ये, करोनाच्या काळात, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं विमान लंडन ते डार्विन कुठेही न थांबता जात होतं. जाताना सोळा तासांच्या आसपास लागत. येताना उंचावरचे जोराचे वारे समोरून असल्यामुळे तासाभराने जास्त लागे. माणसं बसत, दोन वेळा जेवत, एखादा सिनेमा बघत, झोपत आणि उतरत.

याच दोन गावांमधलं अंतर १९३० साली एका सव्वीस वर्षांच्या मुलीने एकटीने कापलं. तिला साडेएकोणीस दिवस लागले. तिचं नाव एमी जॉन्सन. नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलंही असेल. पण ती किती किलोमीटर उडाली यापेक्षा ते अंतर तिने कसं पार केलं, ते मला आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं वाटतं.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल नावाच्या बंदराच्या गावचा. वडील मासळीचे व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. चार बहिणींत एमी थोरली. शेफील्डच्या विद्यापीठातून तिने अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं. पण त्या काळात शिकलेल्या मुलीला नोकरी म्हणजे शिक्षिका नाहीतर टायपिस्ट. एमी लघुलेखन आणि टायपिंग शिकली, आधी हलमध्ये आणि मग लंडनला एका वकिलाच्या ऑफिसात कामाला लागली. एका परदेशी तरुणावर तिचा कित्येक वर्षं जीव होता. १९२८ साली त्याने दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी पाठची बहीण अकाली गेली. पंचविशीतली मुलगी, मोठ्या शहरात एकटी, दिवसभर दुसऱ्याची पत्रं टाईप करायची. असं आयुष्य लाखो मुलींचं होतं आणि आजही असतं.

त्या १९२८ सालीच ती लंडनजवळच्या स्टॅग लेन विमानतळावरच्या क्लबात विमान शिकायला जाऊ लागली. पगारातून पैसे वाचवून आठवड्याला जमेल तेवढे धडे. ती काही एका झटक्यात शिकली नाही. एकटीने विमान उडवण्याइतकी तयारी व्हायला बहुतेकांना लागतात त्यापेक्षा जास्त तास तिला लागले. जून १९२९ मध्ये ती पहिल्यांदा एकटी उडाली आणि जुलैमध्ये परवाना हातात आला. चाळिशीत स्कूटी शिकायला निघालेल्या आणि तीनदा पडून घरी परत आलेल्या माझ्या मैत्रिणींना मी हे मुद्दाम सांगते. ज्या बाईचं नाव जगाने घेतलं, तीही वर्गात मागच्या बाकावरच होती.

पण तिने एक गोष्ट इतरांपेक्षा वेगळी केली. विमान उडवण्यावर ती थांबली नाही. हँगरमध्ये जाऊन मेकॅनिक लोकांच्या हाताखाली इंजिन उघडायला शिकली. ऑफिसला जाण्याआधी पहाटे आणि सुटल्यावर संध्याकाळी ती अंगात तेलकट कपडे चढवायची. सुरुवातीला तिथल्या पुरुषांना हे बाईचं खूळ वाटलं. पण तिथल्या मुख्य इंजिनिअरने, जॅक हम्फ्रीज यांनी तिला मनापासून शिकवलं. पुढे सगळे तिला जॉनी म्हणायला लागले. डिसेंबर १९२९ मध्ये तिने ग्राऊंड इंजिनिअरचा परवाना मिळवला. असा परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली बाई. प्रवासात वाटेत काही मोडलं तर ते तिचं तिला दुरुस्त करता येणार होतं.

आता प्रवासाचं बघू. बर्ट हिंकलर नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९२८ साली इंग्लंड ते डार्विन हे अंतर साडेपंधरा दिवसांत कापलं होतं. तो विक्रम मोडायचा असं एमीने ठरवलं. विमान घ्यायला पैसे कुठले? सहाशे पौंडांचं जुनं विमान. अर्धे पैसे वडिलांनी दिले आणि अर्धे लॉर्ड वेकफिल्ड या तेलाच्या व्यापाऱ्याने. विमान होतं जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, वर छप्पर नाही, रेडिओ नाही. वेग जेमतेम ताशी १४० किलोमीटर. आपल्या वडिलांच्या धंद्याच्या छापावरून तिने त्याचं नाव जेसन ठेवलं.

तिने नकाशावर पट्टी ठेवली आणि जमेल तेवढी सरळ रेघ ओढली. ही रेघ डोंगरांवरून आणि वाळवंटांवरून जात होती. पण आपल्या त्या दोऱ्यासारखं सरळ जाणं तिला शक्य नव्हतं. विमानात पेट्रोल मावेल तेवढ्याच अंतरावर पुढचा मुक्काम हवा, तिथे उतरायला सपाट जागा हवी आणि पेट्रोलचे डबे आधी पोचलेले हवेत. असे मुक्काम जोडत जोडत गेल्यावर लंडन ते डार्विनचे १४ हजार किलोमीटर जवळपास १८ हजार झाले. याआधीचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे लंडनहून माहेरी, हलपर्यंत. अडीचशे किलोमीटरच्या आतला.

५ मे १९३० च्या सकाळी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर तिला निरोप द्यायला वडील आणि मोजकी मित्रमंडळी होती. जादा पेट्रोलच्या वजनाने पहिल्या धावेत विमान उचललंच नाही. दुसऱ्या धावेत उचललं. जादा टाक्यांतलं पेट्रोल वरच्या टाकीत चढवायला तिला उडता उडता हाताने पंप मारावा लागे आणि त्या वासाने मळमळून येई. पहिला मुक्काम व्हिएन्ना, दुसरा इस्तंबूल, तिसरा सीरियातलं अलेप्पो. दिवसभर उडायचं आणि उतरल्यावर आराम नाही. आधी इंजिन साफ करायचं, तेल बदलायचं, पेट्रोल गाळून भरायचं, मग दोन-तीन तास झोप आणि पहाटे पुन्हा तयारी. दिवसभर राबून रात्री ओटा आवरून मगच अंग टाकणाऱ्या बाईला हे वेळापत्रक समजावून सांगायला नको.

अलेप्पोहून बगदादला जाताना वाळूच्या वादळाने विमान एकदम खाली खेचलं. कसंबसं तिने ते वाळवंटात उतरवलं, वाऱ्याने सरकू नये म्हणून चाकांना आपलं सामान लावलं आणि वादळ ओसरेपर्यंत पिस्तूल घेऊन एकटी बसून राहिली. तिथून उठून बगदाद, मग इराणच्या किनाऱ्यावरचं बंदर अब्बास आणि १० मे रोजी कराची. सहा दिवसांत इंग्लंडहून हिंदुस्थान! हिंकलरपेक्षा ती दोन दिवस पुढे होती. निघाली तेव्हा तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. कराचीला पोचली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत तिचं नाव झळकलं.

कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होतं. इंग्लंड ते हिंदुस्थान हे हवाई अंतर कापायची ओढ त्या वर्षी आपल्याकडेही होती. आगाखानांनी एकट्याने हा प्रवास करणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावलं होतं. ते १९३० सालीच ॲस्पी इंजिनिअर या तरुणाने जिंकलं. त्याच शर्यतीत जे.आर.डी. टाटाही होते. याच जे.आर.डी.ंनी पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपालाचं विमान आणलं आणि आपल्या देशातली नियमित विमानसेवा सुरू झाली. लंडनची पत्रं कराचीपर्यंत विमानाने येत, तिथून पुढे ती आता हवेतूनच मुंबईला येऊ लागली. लंडन आणि मुंबई असं एकेका मुक्कामाने जवळ आलं.

कराचीहून एमी निघाली ती थेट अलाहाबाद गाठायचं म्हणून. मे महिन्याचं ऊन, समोरचा वारा, आणि पेट्रोल संपत आलं. शेवटी ती झाशीला उतरली. विमानतळावर नाही, लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर. शिपाई बाजूला पळाले आणि विमान बराकींच्या मधोमध जाऊन थांबलं. पंखाला इजा झाली. ज्या झाशीत आपल्या लक्ष्मीबाईंनी इंग्रजांशी झुंज दिली, त्या गावात एक इंग्रज मुलगी उन्हाने रापलेल्या चेहऱ्याने पुढचं पेट्रोल कुठे मिळेल याची चौकशी करत उभी होती. पंख दुरुस्त झाला आणि दुसऱ्या दिवशी ती अलाहाबादमार्गे कलकत्त्याला गेली.

अजूनही ती हिंकलरच्या पुढे होती. पण १३ मे रोजी ब्रह्मदेशात घात झाला. रंगूनला मुसळधार पावसात तिला उतरायची जागा दिसेना. एक मोकळं मैदान दिसलं तिथे ती उतरली. ते निघालं इनसीन गावच्या तंत्रशाळेचं फुटबॉलचं मैदान. विमान पुढे जाऊन खड्ड्यात गेलं. पंख फाटला, चाकं मोडली, पंखा तुटला. जादाचा पंखा तिने विमानाला बाहेरून बांधून आणलेला होता, तो कामी आला. तंत्रशाळेतले शिक्षक आणि विद्यार्थी मदतीला धावले. पण पंखाला लावायचं कापड कुठून आणायचं? तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की पहिल्या महायुद्धातलं विमानाचं उरलेलं कापड गावात विकलं गेलं होतं आणि लोकांनी त्याचे शर्ट शिवले होते. ते शर्ट गोळा झाले, उसवले आणि पंखावर बसले! जुन्या साडीची गोधडी शिवणाऱ्या आपल्या बायकांना ही युक्ती ऐकून हसू येईल. पण या सगळ्यात तीन दिवस गेले आणि हातातला विक्रमही गेला.

इथे मला थांबावंसं वाटतं. इनसीनला तिला कळून चुकलं होतं, की हिंकलरचे साडेपंधरा दिवस आता काही गाठता येणार नाहीत. परत फिरली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. उलट कराचीपर्यंतचं कौतुक पदरात घेऊन घरी जाता आलं असतं. तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण विमान उभं राहिल्यावर ती पुढे निघाली. बँकॉक, सिंगापूर, मग जावा बेट. जावामध्ये एका साखर कारखान्याच्या मळ्यात उतरली, तर बांधकामाच्या बांबूंनी पंखाला भोकं पाडली. ती तिने जखमेवर लावतो त्या चिकटपट्ट्यांनी बुजवली आणि पुन्हा उडाली. तिमोर बेटावर तर मुक्कामाचं ठिकाण चुकून ती भलत्याच गावाजवळ उतरली. तिची काहीच खबर नाही म्हणून एक रात्र जग काळजीत होतं.

शेवटचा टप्पा तिमोरच्या समुद्राचा. जवळपास आठशे किलोमीटर नुसतं पाणी, एक इंजिन, रेडिओ नाही. निम्म्या वाटेवर खाली एक तेलवाहू जहाज दिसलं तेव्हा तिला केवढा धीर आला असेल! २४ मे १९३० रोजी दुपारी ती डार्विनला उतरली. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडणारी जगातली पहिली बाई.

मी एक साधा हिशेब करून पाहिला. १८ हजार किलोमीटर, ताशी १४० च्या आसपास, म्हणजे हवेत गेले असतील फार तर एकशेतीस तास. साडेएकोणीस दिवसांचे तास होतात चारशे अडुसष्ट. मग उरलेले साडेतीनशे तास कुठे गेले? जमिनीवर गेले. पेट्रोल गाळण्यात, पंख शिवण्यात, इंजिन उघडण्यात, वादळ सरण्याची वाट बघण्यात आणि थोडेसे झोपण्यात. उडतानाचं दृश्य आपण चित्रात बघतो. पण ती डार्विनला पोचली ती जमिनीवरच्या त्या साडेतीनशे तासांमुळे. आणि ते तास तिने स्टॅग लेनच्या हँगरमध्ये, पहाटे ऑफिसच्या आधी, तेलात हात घालून कमावलेले होते.

घड्याळाच्या हिशेबाने ती हरली होती. हिंकलरपेक्षा चार दिवस जास्त. तिला स्वतःलाही ते अपयशच वाटत होतं. जगाने मात्र तिला डोक्यावर घेतलं. तिच्यावर गाणी झाली, सरकारने किताब दिला, एका वर्तमानपत्राने दहा हजार पौंड दिले. हे सगळं तिला झेपलं नाही हेही खरं. सत्कार, भाषणं, मिरवणुका यांनी ती इतकी थकली, की दौरा अर्धवट सोडावा लागला. १९३२ साली तिने जिम मॉलिसन या नामवंत वैमानिकाशी लग्न केलं. दोघांनी मिळून अटलांटिक महासागर ओलांडला. ती एकटी केप टाऊनला विक्रमी वेळात जाऊन आली. पण संसार टिकला नाही, १९३८ साली घटस्फोट झाला. स्त्री इंजिनिअरांच्या ब्रिटनमधल्या संस्थेची ती अध्यक्षही होती. तरी पोटापाण्यासाठी कायमचं काम मिळवताना तिला झगडावंच लागलं. सत्कार करणारे पुष्कळ असतात, नोकरी देणारे थोडे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये ती विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवण्याच्या कामावर रुजू झाली. तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा बायकांना पगार कमी होता. तो सारखा झाला १९४३ मध्ये. ते बघायला एमी नव्हती. ५ जानेवारी १९४१ रोजी तिला उत्तरेकडच्या ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळावर एक विमान न्यायचं होतं. सरळ अंतर अडीचशे किलोमीटरच्या आतलं, म्हणजे तास-दीड तासाचं काम. हवा वाईट होती, ढग दाट होते. कित्येक तासांनी ती मार्गापासून खूप दूर, थेम्स नदीच्या मुखाशी पॅराशूटने बर्फासारख्या पाण्यात पडली. जवळच्या जहाजावरचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांनी वाचवायला पाण्यात उडी घेतली, तेही गेले. एमीचा देह मिळाला नाही. वय अवघं सदतीस.

अठरा हजार किलोमीटर पार करून पोचलेली बाई अडीचशे किलोमीटरवर पोचली नाही. हे वाचून माझ्या मनाला फार लागलं. रोजचा म्हणून जो प्रवास आपण गृहीत धरतो, तोही तितकाच खरा असतो आणि तितकाच अवघड होऊ शकतो.

तिचं जेसन विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. तसंच जिप्सी मॉथ १९३६ साली आपल्याकडे सरला ठकराल यांनी साडी नेसून उडवलं. आणि जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं विमान अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाच्या बाजूने थेट बंगळुरूला आलं तेव्हा चालक-कक्षात सगळ्या भारतीय बायका होत्या, कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली. या दोन गावांमधलं सरळ अंतरही साधारण १४ हजार किलोमीटरच, म्हणजे लंडन ते डार्विन एवढंच. वेळ लागला सुमारे सतरा तास.

साडेएकोणीस दिवसांचे सतरा तास यंत्रांनी केले. पण टायपिस्टच्या खुर्चीपासून विमानाच्या खुर्चीपर्यंतचं अंतर कुठल्याच यंत्राने कमी केलेलं नाही. ते अजूनही प्रत्येकीला एकेक मुक्काम करतच कापावं लागतं. तेव्हा मैत्रिणींनो, बचत गटाचं कर्ज असो, अर्धवट सुटलेली बी.ए.ची परीक्षा असो, की नुसती स्कूटी असो, डार्विन किती लांब आहे ते रोज बघत बसू नका. आजचा मुक्काम कुठला आणि तिथवर पेट्रोल पुरतंय ना, एवढं बघा. आणि उशीर झालाच तर होऊ द्या. हिंकलर चार दिवस आधी पोचले होते, पण आज आपण बोलतोय ते एमीबद्दल.